मार्गे

बर्फाखालच्या समुद्रतळाचा चिखल
आमच्याकडे पाइपातून येतो,
उभा चिरलेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला,
आणि चार अंशांवर निजून राहतो
बाहेर बडोद्यात बेचाळीस असताना.

माझं काम धुण्याचं.
त्रेसष्ट मायक्रॉनची चाळण, पिचकारी, मऊ ब्रश.
गाळ खाली जातो दुधासारखा,
वर उरते चिमूटभर रेती.
तेवढ्यासाठी जहाज गेलं होतं
दीड महिना.

गुप्तेबाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात
आणि एकेका दाण्याला विचारतात,
तू कुणाचा?
गुलाबी गार्नेट लगेच सांगतो, अमका डोंगर, तमकी हिमनदी.
झिरकॉन म्हातारा, बोलत नाही,
त्याचं वय अहमदाबादच्या यंत्रातून काढून आणावं लागतं.
काही खडे तर घरंगळत आलेच नाहीत,
हिमनगाच्या पोटात बसून आले
आणि तो वितळला तिथे उतरले,
स्टॉप नसताना उतरावं तसे.
तीनशे मोजायचे. नियम आहे.

मलाही विचारतात लोक,
भोइटे? म्हणजे मूळचे कुठले?
मी म्हणतो, दांडिया बाजार.
त्याच्या मागे?
मागचं चाळणीतून खाली गेलं.

जानेवारीत दोनशे अकरावा दाणा काळा निघाला.
हिरवट काळा, कड ताजी तुटलेली,
त्या किनाऱ्यावर ज्याचा बाप कुठेच नाही असा.
बाईंनी नकाशे पसरले.
शेकडो मैल नुसते गार्नेटचे डोंगर.
मग धैवतला म्हणाल्या, हळू,
मोठ्याने बोललं तर विझेल म्हणून की काय,
बर्फाखाली ज्वालामुखी असेल.
कुणी न पाहिलेला.

आठ दिवस तो होता.
बाई डबा खायचा विसरायच्या.
धैवतने फळ्यावर त्याला तोंड काढलं, धूर काढला,
आपल्या मामेबहिणीचं नावही ठेवलं.

नवव्या दिवशी बाई म्हणाल्या,
भोइटे, तुम्हीही बघा ना.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.
मी बघितलं
आणि ओळखलं.

पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी दर दिवाळीनंतर
मीच तर आणतो विश्वामित्रीची रेती, अर्धं पोतं,
पावागडाचा दगड झिजून झालेली.
हाच काळा, हाच हिरवट, हीच कड.
ऑगस्टात नदी आमच्या खोलीत आली होती
गुडघाभर.
चाळण खालच्या फळीवर होती.
मी धुतली होती. तीनदा.
तीनदा पुरत नाही
हे जाळीला माहीत होतं, मला नव्हतं.

दुपारभर बीकर पुसत राहिलो.
पुसलेलेच पुन्हा पुसले.
गप्प बसलो असतो तर
दक्षिण ध्रुवावर एक ज्वालामुखी राहिला असता
माझ्या हातचा.
पाचच्या सुमारास सांगितलं.

बाई काही बोलल्या नाहीत.
पुन्हा भिंगात बघितलं, बराच वेळ,
गर्दीत शेजारी दिसावा तसं.
मग वहीत दोनशे अकरावर आडवी रेघ.
म्हणाल्या, "पावागड आमच्या गच्चीवरून दिसतो हो,
हवा स्वच्छ असली की."
धैवतने फळा पुसला.
आधी धूर, मग तोंड.
नाव तेवढं राहू दिलं शनिवारपर्यंत.

सगळा नमुना पुन्हा.
नवी चाळण, सीलबंद, फोडली बाईंच्या समोर.
एक, दोन, तीन.

बाद केलेला दाणा फेकायचा असतो.
मी काचपट्टीवर चिकटवला, खाली चिठ्ठी लावली:
मूळ पावागड.
मार्गे विश्वामित्री, पूर, खोली नंबर चार,
भोइटेची चाळण, ध्रुव.

कपाटाचा तिसरा खण.
किल्ली अडकते,
जरा उचलून फिरवावी लागते.